सायलोअमचा बुरूज का पडला

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.१०

नवी वही. पाचला उठायचं ठरवलं होतं, सातला उठलो. पण ताजातवाना उठलो. पाचला उठून दिवसभर पेंगण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

संकल्प एक : बायबलमधली जी स्थलनामं इंग्रजीत रुळली त्यांचा कोश. उगम, अर्थ, वापर. एकूण ४१२ नावं. रोज दोन धरली तरी सात महिन्यांत हातावेगळा. नकाशांच्या छापखान्यात तेहतीस वर्षं प्रूफं तपासली, कधीही न पाहिलेल्या हजारो गावांची नावं बरोबर केली. हे काम माझ्याशिवाय कोण करणार? एका त्रैमासिकाच्या संपादकांनी नमुन्याची एक नोंद मागवली आहे. मुदत महिनाअखेर. मी ‘सायलोअम’ निवडलं. छोटं नाव आहे, आठवड्यात उरकेल.

संकल्प दोन : सासरेबुवांशी वाद घालायचा नाही.

संकल्प तीन : या वहीत फक्त खरं लिहायचं. वाचणारा मी एकटा. मग खोटं लिहायचं ते कुणासाठी?

सायंकाळी ६

इमारतीचा सेक्रेटरी मीच (बाकी सगळ्यांना कामं असतात), त्यामुळे इंजिनिअर बाईंना मलाच बोलवावं लागलं. कारण अगदी क्षुल्लक. आमचं घर वरच्या मजल्यावर. कोपऱ्याच्या खोलीच्या भिंतीला एक भेग आहे, छतापासून माझ्या लिहायच्या टेबलापर्यंत. केसाएवढी. बरोबर तिच्या वर, गच्चीत, चार खांबांवर पाण्याची टाकी आहे. त्यामुळे लोक उगाच घाबरतात.

बाई वयाने लहान, बूट मोठे. म्हणाल्या, भेगेवर आडवी काच चिकटवू. आमची ही शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. तिने सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइड्सची दहाची पेटी आणून दिली. एक वापरली, नऊ उरल्या. काच भेगेच्या दोन्ही बाजूंना घट्ट धरून बसते, भिंत जराशी सरकली तरी तडकते. बाईंनी बजावलं की फुटली तर हात लावायचा नाही, लगेच फोन करायचा. चार आठवड्यांनी त्या पुन्हा येणार. काचेवर तारीख टाकायची होती. माझं अक्षर पाहून त्यांनी मलाच लिहायला लावली. ३ मार्च. सुरेख आली.

तपासले. ठीक. (छापखान्यात प्रत्येक नकाशावर मी हाच शेरा मारायचो. हाताची सवय जात नाही.)

बुधवार, ५ मार्च

कामाला लागलो. मूळ हिब्रू नाव शिलोआह, तिथून ग्रीक, ग्रीकमधून लॅटिन, लॅटिनमधून इंग्रजी. अर्थ ‘पाठवलेला’. झऱ्याचं पाणी जमिनीखालून शहरातल्या तळ्यात पाठवलेलं, म्हणून. एका जुन्या संदेष्ट्याने म्हटलं आहे की हे पाणी हळू वाहतं, लोकांना त्याची किंमत नाही, आणि म्हणून त्यांच्यावर मोठा पूर येईल.

योगायोग असा की मी टेबलाशी बसलो की भिंतीतून अगदी तसाच आवाज येतो. हळू. सतत. कान लावला तर स्पष्ट. लेखकाला आणखी काय हवं? एक पूर्ण वाक्य लिहून झालं.

सासरेबुवा जन्मभर नळजोडणीची कामं करत होते. आता आमच्याकडे असतात आणि याच खोलीत, याच भिंतीला लागून झोपतात. चहाच्या वेळी म्हणाले, जावईबापू, कुठेतरी पाणी मुरतंय. टोमणा मला कळला. संकल्प आठवून मी फक्त एकच वाक्य बोललो. मग ते एक बोलले, म्हणून मग मी आठ-दहा.

रविवार, ९ मार्च. सकाळी ८

काच फुटली आहे.

घाबरण्याचं कारण नाही. बरोबर मधोमध, सरळ रेषेत फुटली आहे. आमच्या खोलीच्या बरोबर खाली शिंपीणबाई राहतात, त्यांचं मशीन दिवसभर खडखडत असतं. एवढ्या धक्क्याने साधी काच राहील कशी?

फोन करणार होतो. पण रविवार. एखाद्याला सुट्टीच्या दिवशी मशीनच्या खडखडाटासाठी बोलवायचं हे माझ्या स्वभावात नाही. शिवाय तेहतीस वर्षांचा अनुभव सांगतो की छपाईत दोष दिसला तर प्लेट दुरुस्त करायची, बोंबाबोंब करायची नाही. नवी स्लाइड चिकटवली.

तारखेचा प्रश्न आला. आजची टाकावी का? थोडा विचार केला. नकाशा कितीदा दुरुस्त झाला तरी त्यावर तारीख मूळ पाहणीचीच राहते. नियम आहे. ३ मार्च टाकली. अक्षर पहिल्यापेक्षाही बरं आलं.

तपासले. ठीक. आठ स्लाइड्स शिल्लक.

गुरुवार, १३ मार्च

पुन्हा तीच तक्रार. बदलली. सात.

शिंपीणबाईंकडे जाऊन सौम्य शब्दांत सांगितलं की मशीन जरा हळू चालवा. त्या म्हणाल्या, कसलं मशीन? पट्टा तुटून आठवडा झाला, हातानं टाके घालतेय. उलट त्यांनीच विचारलं की त्यांचं खिडकीचं दार अलीकडे लागत का नाही. मी रंधा मारून घ्यायला सांगितलं. म्हणाल्या, मारला. आठवड्यात दोनदा.

तेव्हा मशीन नाही. मग रस्त्यावरचे ट्रक. ट्रकचं काहीही करता येत नाही, ही एक समाधानाची गोष्ट.

लेखाची प्रस्तावना सुरू केली. संपादकांची मर्यादा दोन हजार शब्दांची आहे, प्रस्तावनाच दीड हजारावर जाईल असं दिसतंय.

सोमवार, १७ मार्च

मोठा दिवस! सायलोअमला नुसतं तळं नव्हतं, बुरूजही होता. तो पडला आणि त्याखाली अठरा माणसं मेली. बायबलमधल्या शुभवर्तमानात एका ओळीत हा उल्लेख येतो आणि संपतो. माणसं कोण, बुरूज कुणाचा, काही नाही. फक्त एवढंच सांगितलं आहे की ती माणसं इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती. इंग्रजी बोलणाऱ्यांनी पुढे हे नाव झऱ्यांना दिलं, प्रार्थनामंदिरांना दिलं, गावांना दिलं. सगळ्यांना पाणी आठवलं. बुरूज कुणालाच आठवला नाही. या मुद्द्यावर मी स्वतंत्र प्रकरण लिहिणार : बुरूज का पडला?

दुपारी पाण्याच्या पाळ्यांचा तक्ता करायला घेतला, त्यासाठी इमारतीतली डोकी मोजली. सहा घरं. अठरा माणसं. पुन्हा मोजली. अठराच! अंगावर काटा आला. असा योगायोग लेखाच्या शेवटी किती शोभून दिसेल!

जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ही वाढता वाढता थांबली. सासरेबुवांनी घास ताटात परत ठेवला. मग म्हणाले, पाण्याजवळचा बुरूज ना? पाया भिजला असणार. दुसरं काय?

मी त्यांना समजावलं की विद्वानांना दोन हजार वर्षांत जे सापडलं नाही ते असं घास चघळत सांगता येत नाही.

गुरुवार, २० मार्च

दिवसात दोन. एक सकाळी, एक चारच्या सुमारास माझ्या डोळ्यांदेखत. टक्क. एवढा छोटा आवाज, पण मी खुर्चीतून उठलो ते थेट दारापर्यंत जाऊन थांबलो. मग स्वतःलाच हसलो. हसू नीट आलं नाही, ते सर्दीमुळे.

या स्लाइड्सचा दर्जाच हलका आहे. शाळेच्या खरेदीत असंच चालतं. पाच उरल्या.

एक विचार मनात आला होता. सायकलचं पंक्चर काढायचं रबरी सोल्युशन वापरलं तर काच भिंतीबरोबर ताणली जाणार नाही आणि फुटणारच नाही. पण ती बाईंची शुद्ध फसवणूक झाली असती. मी तसा माणूस नाही. रीतसर चिकटद्रव्यानेच लावली, रीतसर तारीख घातली.

भेगेत आता पोस्टकार्ड जातं.

संध्याकाळी हिला सायलोअमच्या तळ्याची गोष्ट सांगितली. जन्मांध माणसाला तिथे डोळे धुवायला पाठवलं, धुतले, आणि त्याला दिसू लागलं. ही म्हणाली, मग तुम्हीही एकदा जाऊन या. हिला प्रवासाची आवड पहिल्यापासूनच.

रविवार, २३ मार्च. दुपारी १

जिन्यात सभा झाली. सासरेबुवांनी भरवली, सेक्रेटरीला न विचारता. त्यांचं म्हणणं, टाकी रिकामी करा, भिंतीतला नळ बंद करा, मग भिंत फोडून बघू. शिंपीणबाई बहिणीकडे राहायला जायच्या बेतात होत्या. मधल्या मजल्यावरचे बेकरीवाले नवरा-बायको तर दोन्ही लेकरं आणि आजीसह सामान बांधूनच उभे.

मी सगळ्यांना वर आणलं आणि काच दाखवली. अखंड. वर ३ मार्च. म्हटलं, वीस दिवस झाले, हिला ओरखडा नाही. आता तुम्ही सांगा, भिंत सरकतेय का? शिंपीणबाईंनी देवाला करावा तसा काचेला हात लावून नमस्कार केला. बेकरीवाल्यांच्या आजी म्हणाल्या, सुटलो बाई. मग बांधलेलं सामान जिन्यातून परत आत गेलं. एका माणसाच्या शांत डोक्याने पाच घरं वाचली, असं आतून वाटलं.

सगळे गेल्यावर हिने विचारलं, काच मध्ये कधी फुटली होती का? म्हटलं, एकदा. एकदा म्हणजे निदान एकदा, असाही त्याचा अर्थ होतोच. त्यामुळे संकल्प तीन शाबूत.

बुधवार, २६ मार्च

दोन. तीन उरल्या. आता पहाटेच उठतो, हीही एक प्रगती. जाग येते ती काचेसाठी. सासरेबुवा उठायच्या आत बदलून होतं.

भेगेत पेन्सिल राहते. टेबलावरून सारखी गडगडत असे, आता तिची जागा ठरली. सोय झाली.

हल्ली खोलीत बसलो की मान आपोआप वर जाते. टाकीत पाणी हलतं ते ऐकू येतं. पूर्वी येत नसे. कान तयार झाले असावेत.

शुक्रवार, २८ मार्च

सकाळी भिंतीवर ठोके. पाहतो तर सासरेबुवा पान्याच्या दांड्याने इंचाइंचाला ठोकत होते आणि खडूने खुणा करत होते. माझ्या भिंतीवर! म्हणाले, या खुणेपासून त्या खुणेपर्यंत आत पोकळ आहे, जावईबापू. विटांचा चिखल झालाय. माझं ऐका.

मला उलट सायलोअमला पाणी आणणाऱ्या बोगद्याची आठवण झाली. कामगारांनी तो दोन्ही टोकांनी खणत आणला. शेवटी थोडा खडक उरला तेव्हा पलीकडून हाका ऐकू यायला लागल्या, असं तिथे दगडावर कोरलेलं सापडलं. मी ते त्यांना सांगितलं. त्यांनी खडू खाली ठेवला. म्हणाले, मी कधीचा हाका मारतोय.

म्हाताऱ्यांना एकटं वाटतं. मी त्यांच्यासाठी रेडिओ दुरुस्त करून आणायचं ठरवलं आहे. खाट दुसरीकडे हलवू का म्हणून हिने विचारलं, तर स्वतःच नको म्हणाले. कुणीतरी भिंतीवर कान ठेवायला हवा, म्हणे.

रविवार, ३० मार्च

उद्या बाई येणार. घरी कुणी येणार असेल तर आपण केर काढतोच की. मी भेगेत पुट्टी भरली, खडूच्या खुणा पुसल्या, रंगाचा हात फिरवला. काचेच्या मागची भेग तेवढी ठेवली, नाहीतर काच कशावर लावली आहे ते कळणार नाही.

पुट्टी भरताना ती आत जातच राहिली. दोन डबे लागले. कुठे गेली ते कळलं नाही.

सोमवार, ३१ मार्च. दुपारी ३

बाई येऊन गेल्या. भिंतीवरून हात फिरवला, ओल आहे म्हणाल्या. ताज्या रंगाबद्दल विचारलं. म्हटलं, तुमच्या स्वागतासाठी. हसल्या. पण काचेपाशी बराच वेळ थांबल्या. डोळ्यांना भिंत बरी वाटत नाही, काच मात्र धड आहे, असं काहीसं स्वतःशीच बोलल्या. मग सरळ माझ्याकडे बघून विचारलं, ही मी लावलेलीच काच ना?

मी म्हटलं, तारीख वाचा.

त्यांनी वाचली. म्हणाल्या, काच खोटं बोलत नाही. आणि टेबलाशी बसून दाखला लिहून दिला : भेग स्थिर आहे, राहण्यास तूर्त धोका नाही, नळाची तपासणी महिन्याभरात करावी. सही करताना म्हणाल्या की स्वतःच्या सहीने दिलेला हा त्यांचा पहिलाच दाखला. आईला दाखवणार आहेत. मला अगदी मुलीसारखं कौतुक वाटलं. पेन माझं दिलं.

सायंकाळी ५

फुटली. त्या आईला दाखला दाखवायला घरी पोचल्या असतील नसतील. बदलली. दोन उरल्या. घाईत लिहिल्यामुळे या वेळी ३ चा आकडा जरा वाकडा आला. पुन्हा लिहिणार होतो, पण स्लाइड वाया गेली असती.

दाखल्याची प्रत खाली जिन्यात लावली. तपासले. ठीक.

लेख आज जायचा होता. संपादकांना कळवलं की कामाची खोली वाढली आहे.

शुक्रवार, ४ एप्रिल

लेख पूर्ण! नऊ पानं. पैकी पाच प्रस्तावना. ‘बुरूज का पडला’ हे प्रकरण दीड पान. निष्कर्ष : कारण अज्ञात. पाकिटात घालून एक प्रत रवाना केली.

परवा रविवारी संध्याकाळी पाच वाजता जाहीर वाचन. स्थळ : कोपऱ्याची खोली. इमारतीतल्या प्रत्येक घरी स्वतः जाऊन निमंत्रण दिलं. सगळे येतो म्हणाले. दाखला लागल्यापासून लोकांचा माझ्यावर फार विश्वास बसला आहे. अठरा जण एका खोलीत म्हणजे दाटी होईल, पण मोठ्या भिंतीला लागून शिंपीणबाईंचा बाक टाकला की सहा माणसं सुटतील. लेकरं जमिनीवर. अठरा माणसांचा चहा म्हणजे पाणी लागणार, म्हणून रविवारी टाकी काठोकाठ भरायला सांगितली आहे.

आज दोन गेल्या. दोन्ही बदलल्या. पेटी रिकामी. पण आता बघायला कोण येणार आहे?

भेगेत अंगठा जातो. मी घालून बघितला. आत गार होतं. काढताना काही क्षण असं वाटलं की कुणीतरी धरून ठेवलाय. हे मी लिहायला नको होतं.

रविवार, ६ एप्रिल. सकाळी ९.३०

ऐन मोक्याला कटकट. उद्या शाळेत प्रयोगशाळेची वार्षिक मोजणी, म्हणून ही स्लाइड्सची पेटी परत मागायला आली. पेटी दिली. उघडली. म्हणाली, नऊ होत्या ना? म्हटलं, चार हातातून फुटल्या. बाकीच्या? म्हटलं, असतील.

हिने पेटी बंद केली. भिंतीपाशी गेली, काचेवरची तारीख वाचली, वाकड्या ३ वर बोट ठेवलं. मग खाटेवर बसली. तिचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता; मला वाटलं, चक्कर येतेय. पाणी आणायला गेलो तेवढ्यात ती चपला न घालताच जिना उतरून गेली. सासरेबुवा तिच्याशी काहीतरी बोलले आणि पाना घेऊन गच्चीकडे गेले. या वयात.

मी बाक ओढून आणला. खुर्च्या मांडल्या.

सायंकाळी ४.५०

खोली सज्ज. अजून कुणीही नाही. आपल्या लोकांना वेळेचं भान नाही.

४.५५

खिडकीतून पाहिलं. सगळे समोरच्या फुटपाथवर उभे आहेत. शिंपीणबाई, बेकरीवाले, त्यांच्या आजी खुर्चीवर, सासरेबुवा, ही. सगळे वर माझ्याकडेच बघताहेत. एवढी माणसं माझ्या एका नोंदीसाठी! खोलीत मावणार नाही म्हणून बाहेर थांबली असावीत. डोळे भरून आले. इथूनच वाचतो.

सोमवार, ७ एप्रिल. शाळेची प्रयोगशाळा, सकाळी ७

क्रमाने लिहितो.

खिडकीत उभा राहून वाचायला सुरुवात केली. आवाज पोचत नव्हता. ही दोन्ही हात हलवत होती. मला वाटलं, मोठ्याने वाचा म्हणतेय. मोठ्याने वाचलं. त्याच वेळी खिडकीसमोरून गच्चीचं पाणी धबाधबा खाली येत होतं. टाकीच्या तळाचा गंजका व्हॉल्व्ह दिवसभर झटून सासरेबुवांनी अखेर थोड्या वेळापूर्वी उघडला होता. अर्धी टाकी तरी रिकामी झाली असेल. मी त्या आवाजाच्या वर आवाज काढून हळू वाहणाऱ्या पाण्याचा परिच्छेद वाचत होतो, तेव्हा मागे टक्क झालं.

शेवटची.

मला दुसरं काहीच सुचलं नाही. लोक वर येतील आणि फुटकी काच पाहतील, एवढंच डोक्यात. पेटी रिकामी. हिच्याकडे शाळेतली आणखी एखादी असेल म्हणून मी लेख आणि ही वही काखेत मारून धावत खाली गेलो. रस्ता ओलांडला. हिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हटलं, अगं, एक स्लाइड दे.

तिने माझ्या सदऱ्याची बाही धरली. आणि मागे कोपरा गेला.

आधी खांब वाकले, मग टाकी, मग आमची खोली, मग खाली शिंपीणबाईंची. आवाज मोठा होता, पण मला तो आधीपासून ऐकत असल्यासारखा वाटला. धूळ बसल्यावर पाहिलं तर टेबल, बाक, खाट, अठरा माणसांच्या बसायची जागा, काहीच नव्हतं. वरच्या भिंतीचा एक तुकडा उभा होता, त्यावर माझा नवा रंग.

ही माणसं मोजत होती. मोठ्याने, बोट ठेवून. सतरा. पुन्हा मोजली. सतरा. तिसऱ्यांदा मोजताना तिने मलाही धरलं.

बुधवार, ९ एप्रिल. दुपारी २

सगळे अजून शाळेतच आहोत. शिंपीणबाई बाकावर बसून असतात. त्यांचं मशीन ढिगाऱ्याखाली आहे. माझ्याकडे बघत नाहीत. बेकरीवाल्यांची आजी बघते, ते जास्त कठीण.

इंजिनिअर बाई आल्या होत्या. चौकशी लागली आहे. दाखल्यावर सही त्यांची. बुटांवर धूळ, हातात तोच कागद; शनिवारपर्यंत खुलासा द्यायचा आहे, नाहीतर पुन्हा कुठल्याच कागदावर सही करता येणार नाही. त्यांनी मला एकच विचारलं, आजोबा, किती वेळा बदलली?

म्हटलं, चार.

त्या म्हणाल्या, तेवढं तरी लेखी देता का? कधी फुटली, कधी बदलली? मी म्हटलं, तारखा आता कुठे लक्षात असणार?

तेव्हा ही टेबलाच्या पलीकडून म्हणाली, ते वही लिहितात.

रविवारच्या त्या मोजणीनंतर ती पहिल्यांदाच बोलली होती, आणि तेही माझ्याशी नाही.

दुपारी ३

वही उद्या द्यायची आहे. एकदा नजरेखालून घालावी म्हणून बसलो. बऱ्याच ठिकाणी भाषा सैल आहे. अंगठ्याचा मजकूर अनावश्यक. पेन्सिलचाही. ९ मार्चला ‘फोन केला, लागला नाही’ एवढं घातलं तर वाक्य अधिक बरं वाटतं. खिशात ब्लेड होतं, छापखान्यातलं, अक्षर खरवडायचं. पान सरळ केलं.

सासरेबुवा शेजारी बसले होते. त्यांनी ब्लेड माझ्या हातातून काढून घेतलं, जपून, लहान मुलाच्या हातातून घ्यावं तसं. रागावले नाहीत. म्हणाले, राहू द्या आता, जावईबापू. मग माझ्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवून बसले. मी रडलो. बराच वेळ.

ते त्या भिंतीला लागून झोपत होते. पाच आठवडे. मला माहीत होतं.

सायंकाळी ५.३०

त्रैमासिकाचं पत्र पोस्टमनने इथे आणून दिलं. लेख लांब आहे, प्रस्तावना काढावी लागेल. ‘बुरूज का पडला’ हे प्रकरण तर पूर्ण गाळावं, कारण पुरावा नाही.

सायंकाळी ६

पहिल्या पानापासून वाचली. कुठेही खाडाखोड केलेली नाही. फुटलेल्या काचा मोजल्या. दोनदा मोजल्या. दहा.

तपासले. ठीक नाही.